टाळ्यांच्या गडबडीत

गेल्या नवरात्रात बेळगावात, आमच्या टिळकवाडीतल्या इमारतीच्या गच्चीवर बायकांनी हौसेने हादगा मांडला होता. पाटावर हत्ती, त्याला शेवंतीच्या माळा, कोपऱ्यात झाकून ठेवलेले खिरापतीचे डबे आणि या सगळ्यावर ताण म्हणून एक भलामोठा स्पीकर, ज्यातून हादग्याची गाणी कीबोर्डच्या ठेक्यावर ओतली जात होती. मध्येच वीज गेली, स्पीकर गप्प झाला, आणि काय करावे हे तरुण मुलींना सुचेना तेव्हा माझ्या आईने प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्याच टाळ्या वाजवून 'श्रीकांता कमलाकांता अस्सं कस्सं झालं' सुरू केले. फेर पुन्हा फिरू लागला. गाण्यातल्या वेड्याने लाडवांना चेंडू समजून खेळायला घेतले, करंज्यांना होड्या समजून पाण्यात सोडले, शेवयांना गांडुळे समजून फेकून दिले, आणि अखेरीस खाटेवर झोपलेल्या बायकोकडे डोकावून पाहिले व मेली मेली म्हणून तिला जाळून टाकले. बायका खदखदून हसल्या. पहिलीत गेलेली माझी नात मात्र फेरातून बाहेर पडून पणजीच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. "पणजी, ती नुसती झोपली होती ना? मग जाळताना ती ओरडली नाही का?" आईने तिच्याकडे पाहिले आणि भाजीचा भाव सांगावा तशा सुरात म्हणाली, "ओरडली असंल की. पण आमच्या टाळ्या चालू असत्यात न्हवं, कुणाला ऐकू जातंय?"

मग खिरापत ओळखण्याचा गोंधळ सुरू झाला आणि तो विषय गच्चीवर तरी तिथेच संपला.

हे गाणे मी लहानपणी असंख्य वेळा म्हटले आहे आणि त्यात कोणाचा तरी जीव जातो याची मला कधी खंत वाटली नव्हती. आईच्या त्या उत्तरानंतर मी ते मनाशी पुन्हा म्हणून पाहू लागले, तेव्हा त्याची बांधणी किती धूर्त आहे हे ध्यानात आले. प्रत्येक कडव्यात बायको काहीतरी रांधते, वेडा येतो, डोकावतो, एका वस्तूला भलतीच वस्तू समजतो आणि तिची नासाडी करतो. वाक्याचा साचा जराही बदलत नाही, बदलतो फक्त पदार्थ. पदार्थागणिक हसू वाढत जाते, आणि बायकोची पाळी येते तोवर हसण्याला असा वेग आलेला असतो की तीही ताटातला पुढचा पदार्थच ठरते. हसणे थांबवायला जागाच ठेवलेली नाही. शिवाय हे गाणे म्हणणाऱ्या मुली कोणत्या वयाच्या असत, हेही विसरून चालत नाही. दोन-चार वर्षांत ज्यांना एका अनोळखी पुरुषाच्या घरी पाठवले जाणार होते, त्याच मुली हात हातात धरून, असे वेडे माझ्या नशिबी आले, असे ठेक्यात म्हणत होत्या.

भीतिदायक गाण्यांचा विषय निघाला की आपल्यापुढे उभी राहतात ती गाणी अगदी निराळी. शहापुरातल्या आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट असे, आणि कानांना त्याची इतकी सवय झालेली असे की तो थांबला म्हणजेच काहीतरी बिघडल्यासारखे वाटे. रात्री वीज गेली की सगळे माग एका क्षणात थांबत आणि त्या अचानक उघड्या पडलेल्या शांततेत कोणाच्या तरी ओसरीवरचा सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर तेवढा बोलत राही. अशा काळोखात 'आएगा आनेवाला' लागले की आम्ही भावंडे एकाच पांघरुणात शिरत असू. 'महल' १९४९ सालचा, म्हणजे आमच्या जन्माच्याही आधीचा. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. आवाज दुरून जवळ येतो आहे असे वाटावे म्हणून लताबाईंना लांबून गात गात मायक्रोफोनकडे चालत यायला लावले होते, ही हकिकत आता सर्वतोमुखी आहे. मला तिच्याहून विलक्षण वाटतो तो दुसरा तपशील. सुरुवातीला निघालेल्या रेकॉर्डवर गायिकेचे नावच नव्हते. तिथे पडद्यावरच्या पात्राचे, 'कामिनी' असे नाव छापलेले होते. हा आवाज कोणाचा, अशी श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली. देहाचा आणि नावाचाही पत्ता नसलेला आवाज देशभर घरोघरी फिरत होता, आणि या गाण्याला जे वातावरण हवे होते ते कोणी न ठरवता त्या छापील कागदाच्या गोल तुकड्यानेच पुरवले होते.

त्यानंतर या गाण्यांची एक रीतच पडली. १९६२ च्या 'बीस साल बाद'मधले हेमंतकुमारांचे 'कहीं दीप जले कहीं दिल', १९६४ च्या 'वो कौन थी'मधले मदनमोहन यांचे 'नैना बरसे', १९६५ च्या 'गुमनाम'मधले शंकर-जयकिशन यांचे शीर्षकगीत. धुके, पांढरी साडी, वाड्याचा जिना, ताल सुरू होण्याआधी मोकळ्यावर सोडलेली एखादी लांबलेली तान; आणि या सगळ्या गाण्यांना आवाज एकाच बाईचा. गळा इतका गोड की भीती वाटावी तरी कशी असा प्रश्न पडावा, आणि नेमक्या त्या गोडव्यामुळेच ती वाटावी. धोका किंचाळत येत असेल तर माणूस पळतो. तो असा लाघवीपणे बोलावू लागला की पाय जागच्या जागी थबकतात. हे त्या संगीतकारांनी ओळखले होते, याबद्दल त्यांना दाद द्यावीच लागेल. तरीही, आज मागे वळून पाहताना मला ही गाणी मुळीच भीतिदायक वाटत नाहीत. ती फार सभ्य आहेत. मी आता भीती दाखवणार आहे असे ती आधी सांगतात, मग दाखवतात, आणि चित्रपटाच्या शेवटी बहुतेक वेळा त्या बाईच्या हिंडण्यामागे एखादे कारस्थान निघते. दिवसाउजेडी तर त्यांची पार रया जाई. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात स्पीकरवाला हाताला लागेल ती तबकडी लावत असे, आणि हळदीने माखलेल्या नवऱ्या मुलाच्या डोक्यावर 'कहीं दीप जले' मोठ्या आवाजात वाजत असताना बायका निर्विकारपणे घंगाळात पाणी ओतताना मी पाहिलेल्या आहेत.

'नैना बरसे'च्या बाबतीत मला अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. चित्रीकरणाच्या वेळी लताबाईंच्या आवाजातले मुद्रण हाती नव्हते, म्हणून मदनमोहन यांनी स्वतःच्या आवाजात गाऊन दिलेल्या मुद्रणावर ते गाणे चित्रित झाले. पांढऱ्या साडीतली साधना धुक्यातून चालते आहे, तिचे ओठ हलत आहेत आणि त्या ओठांतून एका पुरुषाचा भरदार, दुःखी आवाज येतो आहे, असे दृश्य त्या दिवशी भोवती उभ्या असलेल्या माणसांनी प्रत्यक्ष पाहिले असणार. तयार चित्रपटातल्या कोणत्याही प्रसंगापेक्षा मला हे दृश्य अधिक भुताटकीचे वाटते, आणि ते निर्माण करण्याचा कोणाचाही उद्देश नव्हता.

उद्देश नसताना आलेली भीतीच खरी, असे मला हल्ली वाटू लागले आहे.

याचे एक उदाहरण सांगली केंद्रावरून वारंवार लागणाऱ्या एका गाण्याचे. १९६४ च्या 'पाठलाग'मधले, गदिमांनी लिहिलेले, दत्ता डावजेकरांनी चाल दिलेले आणि आशाबाईंनी गायिलेले 'या डोळ्यांची दोन पाखरे'. पुढे याच कथेवर हिंदीत 'मेरा साया' निघाला आणि तिथे या गाण्याच्या जागी 'तू जहाँ जहाँ चलेगा' आले. आमच्या गल्लीतल्या बायका हे गाणे लागले की हातातले काम थांबवत. पतीवरच्या निष्ठेचा हा परमोच्च बिंदू, असे त्यांचे मत होते. लग्न होऊन मी निपाणीला गेले आणि पहिल्यांदाच घरच्यांशिवायच्या एका लांब दुपारी ते गाणे ऐकले, तेव्हा अंगावर काटा आला. कुठेही जा, माझे डोळे तुमच्याभोवती फिरत राहतील, हे सांगणारी बाई प्रेमाने बोलते आहे हे मला कळत होते. पण जो हे ऐकतो आहे त्याने मागे वळून पाहिले तर त्याला काय दिसेल, हाही प्रश्न त्याच सुरात दडलेला होता. त्या दिवसापासून मला ते गाणे दोन्ही प्रकारांनी ऐकू येते आणि त्यातला कोणता प्रकार खरा हे मी ठरवू शकत नाही. बहुधा गदिमांना दोन्ही हवे असावेत.

उलट दिशेचे उदाहरण 'रात्रीस खेळ चाले'. १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा'मधले हे गीत सुधीर मोघे यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची आणि आवाज महेंद्र कपूर यांचा. चांदण्याचे, सावल्यांचे, आभासाचे चिंतन करणारे हे गाणे आम्ही कोजागरीला दुधाचा पेला हातात घेऊन म्हणत असू. २०१६ साली त्याच ओळीचे नाव घेऊन झी मराठीवर मालिका आली, बेळगावातली मराठी घरे रात्री तिच्यासमोर बसू लागली, आणि आता आमच्या घरातली तरुण मुले मी हे गाणे गुणगुणू लागले की "नको गं, झोप येणार नाही" म्हणून मला गप्प करतात. गाण्यातला एक सूरही हललेला नाही. भीती बाहेरून आली आणि येऊन त्यात राहिली.

यंत्रानेही आम्हाला पुष्कळ घाबरवले. आमच्याकडे पहिला टेपरेकॉर्डर आला तेव्हा सेल महाग असत, आणि ते संपत आले तरी शेवटचा थेंब पिळून काढल्याखेरीज बदलले जात नसत. भक्तिगीतांची कॅसेट चालू असे. गाणारी बाई हळूहळू मंदावू लागे, तिचा सूर खाली घसरत पुरुषी होई, मग पुरुषाच्याही खाली जाई, शब्द ओढले जात जात नुसता घोगरा हुंकार उरे आणि शेवटी खटका न दाबताच सगळे बंद पडे. विठ्ठलाचे नाव घेता घेता विहिरीत उतरत गेलेला तो आवाज मला आजही आठवतो. घरातले कोणी उठून सेल काढी, ते जमिनीवर आपटी किंवा उन्हात ठेवी, आणि संध्याकाळी तीच बाई पुन्हा ताजीतवानी होऊन गाऊ लागे.

पण या सगळ्यांत कुठेही टाळ्या नव्हत्या. ही सगळी गाणी आपण बसून, कान देऊन ऐकायची होती. आईने जे सांगितले ते दुसऱ्या जातीच्या गाण्यांबद्दल होते: जी माणसे स्वतः म्हणतात, चारचौघांत म्हणतात, हातपाय हलवत म्हणतात, आणि म्हणत असल्यामुळेच ऐकत नाहीत. अशी गाणी एकदा शोधू लागले तेव्हा आपल्याच घरात ती इतकी निघाली की मी थक्क झाले. नाथांच्या रोडग्याच्या भारुडातली बाई भवानीआईला काय काय मागते ते पाहा. सासरा गावी गेला आहे, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. आणि होता होता दादल्याचीही आहुती द्यायला ती तयार होते. 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकलीच राहू दे मला'. कीर्तनकार याचा अर्थ अहंकार आणि वासना असा लावून दाखवतात, आणि तो अर्थ नाथांना अभिप्रेत होता यात शंका नाही. मात्र देवळाच्या सभामंडपात बसलेल्या बायकांचे हसू त्या अर्थाची वाट पाहत थांबत नाही, हे मी कित्येकदा पाहिले आहे. ते आधीच फुटलेले असते. हादग्यात बायको जळते, भारुडात सारे सासर खपते. हिशेब तसा चुकता होतो म्हणायचा.

सौंदत्तीची यात्रा जवळ आली की आमच्या गल्लीतून जोगतिणी जात. डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली पाटी, कपाळभर भंडारा आणि काखेत एका तारेचे चौंडके. त्या एका तारेला काखेच्या दाबाने ताण दिला की स्वर मध्येच वाकतो, वर चढतो, आणि लाकडाचे वाद्य काहीतरी बोलायला पाहत आहे असे वाटते. पहाटे अंथरुणात तो आवाज ऐकला की मला पोटात गोळा येई, शब्द तर मला कळतही नसत. ते कळू लागले तेव्हा गोळा जायचा तो आणखी मोठा झाला. पाणी भरायला गेलेली रेणुका, म्हणजे हीच यल्लम्मा, जमदग्नीचा संशय, बापाच्या आज्ञेवरून आईच्या मानेवर परशू चालवणारा मुलगा. आणि हे गाऊन झाल्यावर त्याच मारल्या गेलेल्या आईचा उदोउदो. सुपात जोंधळे घेऊन आई दाराशी उभी राही, हात जोडी, डोळे पुसे. मी तिच्या पदराआडून त्या जोगतिणीकडे पाही आणि आईच्या मानेकडेही पाही.

टाळ्यांबद्दल विचार करताना मला आणखी एक गोष्ट टाळता येईना. आमच्या भागात देवळाच्या बाहेर, तळ्याच्या काठी, कधी पाराच्या मुळांत अर्धवट गाडलेल्या सतीच्या शिळा आढळतात. त्यांवर काढलेला तो हात सर्वांनी पाहिलेला असतो: कोपरात काटकोनात वाकलेला, पंजा उघडा, मनगटात बांगड्या स्पष्ट कोरलेल्या. अखंड सौभाग्याची खूण म्हणून त्यावर हळदकुंकू वाहतात. सती जाणाऱ्या बाईभोवती ढोल, ताशे, शिंगे यांचा कल्लोळ करत, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. तो कल्लोळ कशासाठी होता, हे त्या गच्चीवर माझ्या आईने पहिलीतल्या मुलीला एका वाक्यात समजावून सांगितले. वेड्याच्या बायकोचे गाणे सतीवरून आले असे मी म्हणणार नाही, तसे म्हणायला मला काहीही आधार नाही. पण ज्या समाजाने दोन्ही गोष्टी केल्या तो एकच आहे, आणि त्याला जळणाऱ्या बाईच्या भोवती ताल कसा धरायचा हे चांगले ठाऊक होते.

इंग्रजी शाळेत जाणारी माझी नात 'रिंगा रिंगा रोझेस' म्हणते. ते गाणे प्लेगच्या साथीवरचे आहे, ही माहिती तिच्या बाईंनी वर्गात दिली म्हणे. लोकसाहित्याचे अभ्यासक हा अर्थ मानत नाहीत. तो गाण्याला फार उशिरा, विसाव्या शतकात चिकटवला गेला. लंडनच्या पुलाच्या गाण्यामागेही पायात कोणाला तरी पुरल्याची कथा सांगतात, आणि तिलाही पुरावा मिळालेला नाही. मला गंमत वाटते ती अशी, की निरुपद्रवी गाण्यात मुडदे शोधायला लोक इतके उत्सुक असतात, आणि ज्या गाण्यात मुडदा समोर ठेवलेला आहे ते मात्र गोड मानून गातात.

आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एक कन्नड कुटुंब राहत असे. त्या घरच्या बाईंना आम्ही सगळेच अक्का म्हणत असू. नातवाला जेवू घालताना त्या पुरंदरदासांचे 'गुम्मन करेयदिरे' म्हणत. गुम्म म्हणजे आपला बागुलबुवा. आणि या पदात तो दाखवणारी आई गात नाही, तर घाबरलेला बाळकृष्ण गातो. मी मुकाट्याने जेवेन, रडणार नाही, खोड्या करणार नाही, पण गुम्माला बोलावू नकोस, असे तो यशोदेला विनवतो. अक्का हे इतक्या खऱ्या काकुळतीने म्हणत की नातू घास तोंडात तसाच धरून त्यांच्याकडे पाहत राही. ज्याच्या मुखात यशोदेने विश्व पाहिले तो दाराआडच्या नसलेल्या गुम्माला भितो, यातले कौतुक मला आता समजते. तेव्हा मला एवढेच वाटे, की कृष्णालाही भीती वाटत असेल तर गुम्म नक्कीच खरा असला पाहिजे.

पुण्यकोटी गाय मला अक्कांच्या मुलींमुळे भेटली. कर्नाटकात हे गाणे ठाऊक नसलेले मूल सापडणे कठीण. वाघाला दिलेला शब्द पाळण्यासाठी गाय मरणाच्या वाटेवर परत निघते, तत्पूर्वी कळपातल्या गायींना आपले वासरू सोपवते. 'मुंदे बंदरे हायबेडी, हिंदे बंदरे ओदेयबेडी', समोर आले तर त्याला शिंग मारू नका, मागून आले तर लाथ घालू नका, पोरक्याला आपले म्हणा. गाण्याचे तात्पर्य सत्यवचनाचे आहे, आणि शेवटी वाघालाच पश्चात्ताप होऊन तो प्राण सोडतो. मुली ते तात्पर्य घोळक्याने, हेल काढून म्हणत. मला मात्र त्या सगळ्या गाण्यातून एकच गोष्ट लागली: आई नसलेल्या वासराला दुसऱ्या गायी लाथा मारतात, हे त्या गायीला आधीपासून माहीत होते.

बेळगावचा म्हणून ज्याचा आम्हाला अभिमान, त्या कुमार गंधर्वांबद्दल इथे लिहिलेच पाहिजे. त्यांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाले, देवासला पडून राहण्यात वर्षे गेली, आणि त्या काळात माळव्यातली निर्गुणी भजने कानांवर पडली, हे सारे सर्वश्रुत आहे. माझे वडील पहाटे त्यांची कॅसेट लावत. 'उड जायेगा हंस अकेला' गल्लीत उमटले की समोरच्या घरातले काका एकदा टॉवेल खांद्यावर टाकून आमच्या दारात आले आणि हलक्या आवाजात विचारू लागले, "कोण गेलं वहिनी?" आम्ही पुढे कितीतरी दिवस हसत होतो, पण काकांचे काही चुकले नव्हते. त्या गाण्यात यमाचे दूत येतात, आणि त्यांच्यासाठी टाळ्या, फेर, ढोल असली कोणतीही सोय केलेली नाही. तंबोरा आहे, एक तुटक श्वासाचा आवाज आहे आणि दोन ओळींमध्ये मोकळी सोडलेली जागा आहे. ती जागा ऐकणाऱ्याला स्वतःच भरावी लागते. मी ते गाणे दिवसा ऐकते. रात्री ऐकण्याचे धाडस वडील गेल्यानंतर झालेले नाही.

आणि तरीही, मला सगळ्यांत भीतिदायक वाटणारे गाणे कोणते असे कोणी विचारले, तर मी अक्कांच्या शेवयांचे गाणे सांगेन. उन्हाळ्यात गच्चीवर शेवया वळायला बायका बसत. पाटावर कणकेचा गोळा, बोटांतून उतरणारा अखंड दोरा, आणि अक्का 'केरेगे हार', म्हणजे 'तळ्याला बळी', सुरू करत. कल्लनकेरीच्या मल्लनगौडाने तळे बांधले, त्याला थेंबभर पाणी लागेना. पोथी पाहणाऱ्याने सुनेचा बळी सांगितला. थोरलीला द्यावे तर घराचे थोरपण कोण सांभाळणार, म्हणून धाकटी भागीरथी ठरली. तिला कोणी काही सांगत नाही, पण तिला कळते. ती माहेरी जाते. बापाने विचारल्यावर तिला खरे सांगवत नाही. सासरचे वेगळे राहायला सांगतात, एवढेच ती म्हणते, आणि बाप म्हणतो, राहा की मग, शेत देतो, घर देतो. मग तळ्याची पूजा, नैवेद्य, सगळ्यांचे जेवण. आणि परतताना सोन्याची वाटी काठाखाली राहिली म्हणून तीच आणायला धाकटी सून एकटी उतरते. वाटी घेऊन ती वर यायला लागते. एक पायरी चढते, पाणी पावलांना लागते. आणखी एक चढते, पाणी गुडघ्याला येते. आणखी एक, कमरेला.

पायऱ्या मोजताना अक्कांचा आवाज चढत नसे की उतरत नसे. पाठ मोडेपर्यंत वाकून काम करणाऱ्या त्या बायका प्रत्येक पायरीला एक हुंकार भरत आणि त्याच तालावर शेवयांचा दोरा लांबवत. मी उंबऱ्याशी बसून त्यांच्या बोटांकडे पाहत असे. कन्नड मला जेमतेम कळे, पण आकडे कळत, आणि पाण्याची उंची कळे. शेवटच्या पायरीला तळे भरून सांडते, आणि तिथे अक्का थांबत. गाणे पुष्कळ पुढे आहे हे मला खूप नंतर, धारवाड केंद्रावर ते पुरते ऐकल्यावर समजले: लष्करात असलेल्या नवऱ्याला वाईट स्वप्न पडते, तो घोड्यावरून घरी येतो, बायको कुठे म्हणून विचारत हिंडतो, आणि शेवटी त्याच तळ्यात उडी टाकतो. पुढे एकदा माहेरी गेले असताना मी अक्कांना विचारलेही, की तुम्ही नवऱ्याचे कडवे कधीच कसे म्हटले नाही. त्या खूप थकल्या होत्या, पण बोटे अजून हवेत शेवया वळल्यासारखी हलत होती.

"येतोय की तो," त्या म्हणाल्या. "पण तो यायच्या आत शेवया संपत्यात आणि आम्ही सगळ्या जेवायला उठतोय."